पाण्याला ओढ असते तेव्हा

कर्नाटकात मुरुडेश्वरसमोरच्या नेत्राणी बेटाजवळ, स्कूबा डायव्हिंग करताना, बारा मीटर खोल पाण्यात, मी नांगराचा दोर दोन्ही हातांनी आवळून धरला होता आणि बाकीचं अंग चाळीच्या गॅलरीत वाळत घातलेल्या साडीसारखं आडवं फडकत होतं. मान जरा डावीकडे वळवली की मास्क चेहऱ्यावरून सरकायचा आणि कडेने पाणी आत यायचं. टाकीतली हवा तोंडात देणाऱ्या रेग्युलेटरचं बटण प्रवाहाच्या तोंडाशी आलं की आपोआप दाबलं जाऊन फसाफस हवा सुटायची. समोर, हाताच्या अंतरावर, पिवळ्या पट्ट्यांचे मासे त्याच पाण्यात प्रवाहाकडे तोंड करून निवांत उभे होते. मासे बघायलाच तर आले होते मी, पण त्या क्षणी मला त्यांचा रागच आला.

आठ मिनिटांनी टाकीतल्या हवेचा दाब दाखवणारं गेज पाहिलं. दोनशे बारने सुरू केलेली टाकी एकशेवीसवर आली होती. शेजारी आमचे सर होते, मालवणकडचे. त्यांनी स्वतःचं गेज माझ्यापुढे धरलं: एकशेपंच्याहत्तर. टाकी तेवढीच, खोली तीच, मिनिटंही तेवढीच. सकाळी बोटीवरून पाण्याकडे बघत ते एवढंच म्हणाले होते, "आज पाण्याक ओढ आसा." मी मान डोलावली होती. ओढ म्हणजे काय ते मला माहीत आहे, असं मला वाटत होतं. माहीमला लहानपण गेलेल्या माणसाला समुद्र माहीत नसेल तर कुणाला?

तेव्हापासून या आठ मिनिटांचा हिशेब मी पुष्कळ वेळा मांडला आहे. त्यातून एक गोष्ट कळली: जोरदार प्रवाहात जी भीती वाटते ती एक नसते, दोन असतात, आणि त्या एकमेकींत बेमालूम मिसळलेल्या असतात. एक भीती म्हणजे खरी बातमी: पाणी तुमच्यापेक्षा ताकदवान आहे आणि तुम्ही काहीतरी चुकीचं करताय. दुसरी भीती शरीरातल्या कार्बन डायऑक्साइडची करामत असते. पहिलीचं ऐकावं लागतं, दुसरीला श्वासाने उतरवावं लागतं. दोघींना एकच औषध दिलं तर दोन्ही वाढतात.

आधी पहिलीबद्दल.

एक नॉट म्हणजे तासाला साधारण 1.85 किलोमीटर. शिवाजी पार्कच्या कट्ट्यालगत काठी टेकत फेऱ्या मारणारे आजोबासुद्धा याहून भरभर चालतात. म्हणून "एक नॉटचा करंट आहे" हे बोटीवर ऐकताना काहीच वाटत नाही. पण आजोबा हवेतून चालतात आणि पाणी हवेपेक्षा आठशेपट घन असतं. त्यात तुमच्या पाठीवर टाकी, अंगावर फुगणारं जाकीट म्हणजे बीसीडी, इकडेतिकडे लोंबणाऱ्या नळ्या. पाणी अडवायला जेवढं म्हणून काही लागतं तेवढं सगळं तुम्ही भाड्याने घेऊन अंगावर चढवलेलं असतं.

आणखी वाईट बातमी म्हणजे हा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. प्रवाह दुप्पट झाला की अंगावरचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. त्या प्रवाहाविरुद्ध जागच्या जागी टिकायला स्नायूंनी जी शक्ती पुरवायची ती तर आठपट. म्हणजे अर्ध्या नॉटमध्ये आरामात पोहणारा माणूस एका नॉटमध्ये "जरा जास्त जोर लावू" म्हणतो तेव्हा तो आठपट काम अंगावर घेत असतो. तुलनेसाठी सांगते. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 100 मीटर फ्रीस्टाइलचा विश्वविक्रम झाला, 46.40 सेकंदांचा. हा वेग होतो चार नॉटच्या किंचित वर. पाठीवर टाकी नाही, अंग गुळगुळीत, आयुष्यभराची मेहनत, आणि तरी मिनिटभरापेक्षा जास्त नाही. अरुंद सामुद्रधुन्यांमध्ये पाणी याहून वेगाने वाहतं, तेही तासन्‌तास, न दमता.

तेव्हा जोराच्या प्रवाहाशी पोहून जिंकायचं हा विषयच नाही. मला हे आकडे वाचून भीती वाटण्याऐवजी सुटल्यासारखं झालं. नेत्राणीला मी कमजोर पडले असं मला वाटत होतं. कमजोर वगैरे काही नाही, मी गणितात नापास झाले होते.

आता, हे पाणी वाहतं कशाने? कारणं बरीच आहेत. वारा आहे, मोसमी प्रवाह आहेत. पण किनाऱ्याजवळच्या डायव्हरच्या रोजच्या कामाचं कारण म्हणजे भरती-ओहोटी, आणि याची शाळा मुंबईत फुकट भरते. हाजी अलीला जा. भरतीच्या वेळी दर्ग्याची वाट पाण्याखाली जाते, काही तासांनी तीच वाट कोरडी होऊन माणसांनी भरते. मधल्या वेळात केवढं पाणी आत आलं आणि बाहेर गेलं याचा विचार आपण करत नाही, कारण आपल्याला दिसते ती उंची. डायव्हरला उंचीशी फारसं देणंघेणं नसतं. एवढं पाणी इकडून तिकडे जाताना किती वेगाने जातं, ते त्याला हवं असतं.

वर्सोव्याच्या खाडीत नांगरलेल्या होड्या बघा. वारा फारसा नसेल तर सगळ्या होड्यांची नाकं एकाच बाजूला असतात, पाणी येतं त्या बाजूला. थोड्या वेळाने पाहिलं तर नाकं फिरलेली असतात, पाणी उलटलेलं असतं. आणि त्या दोन्हींच्या मधे एक वेळ अशी येते की होड्या गोंधळतात. एक इकडे, एक तिकडे, नांगराचे दोर सैल. ही पाणी थांबल्याची वेळ. डायव्हिंगचे लोक या वेळेची वाट बघतात. सुरुवातीच्या माणसाने तर याच वेळेत पाण्यात असावं.

भरतीची वेळ काढायचा आपल्याकडचा जुना हिशेब तुमच्या आजोबांना नक्की माहीत असेल: तिथीची पाऊणपट. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती, सकाळी आणि संध्याकाळीही. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या आसपास. हा अंदाज आहे, वेळापत्रक नव्हे. बोट भाड्याने घेताना छापील तक्ताच बघायचा. पण त्यातून एक गोष्ट सहज लक्षात येते की भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. गेल्या रविवारी सकाळी नऊला पाणी शांत होतं म्हणून या रविवारीही नऊला शांत असेल, असं मुळीच नाही.

तिथीतून दुसरी गोष्ट कळते ती ताकदीची. पौर्णिमा-अमावास्येला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, तेव्हा उधाणाची भरती. अष्टमीला दोघांची ओढ काटकोनात, तेव्हा भांगाची भरती. मुंबईत उधाणाला भरती आणि ओहोटीतला फरक चार मीटरच्या पार जातो, भांगाला त्याच्या निम्म्यावरही येतो. वेळ दोन्ही दिवशी तेवढाच, सहा तासांच्या वर थोडा. तेवढ्याच वेळात दुप्पट पाणी जायचं तर ते वेगानेच जाणार.

त्या सहा तासांतही पाणी एकसारखं चढत नाही. ढोबळ नियम असा: एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. म्हणजे निम्मं पाणी मधल्या दोन तासांत येतं. आमच्या त्या सकाळी मी पाण्यात उतरले ती वेळ मी घरी आल्यावर तक्त्यात शोधली. अमावास्येचा दुसरा दिवस आणि बरोबर मधला तास. हे मला आदल्या आठवड्यात मुंबईत बसून कळू शकलं असतं. पण तेव्हा मी स्विमिंग कॉस्च्यूमचा रंग शोधत होते.

एक सावधानता इथेच. मुंबईची भरती मोठी आहे, दक्षिणेला जाल तशी ती लहान होत जाते. मालवणला निम्म्याच्या आसपास, मालदीवला तर मीटरभरच. म्हणून तिकडे प्रवाह नाही असं समजू नका. मालदीव म्हणजे प्रवाळाची कडी, अटोल (हा शब्दच मुळी तिथल्या धिवेही भाषेतून जगभर गेला), आणि त्या कड्यांना मधे मधे फटी. या फटींना तिथे कांडू म्हणतात. सगळं पाणी त्या फटींतूनच आत-बाहेर करतं. दादरच्या पुलावर जिना अरुंद झाला की गर्दी तुंबते, पाण्याचं नेमकं उलटं असतं; वाट अरुंद झाली की ते धावतं. वर मोसमी प्रवाह आहेतच, नैऋत्य मोसमात साधारण पश्चिमेकडून पूर्वेकडे, ईशान्य मोसमात उलटे. भरती आणि हे प्रवाह एका दिशेला जुळले तर जोर वाढतो, विरुद्ध असले तर तक्त्याचं गणित चुकतं. म्हणून तक्ता पाहून यायचं आणि शेवटचा शब्द मात्र त्या जागी रोज बोट नेणाऱ्याचा मानायचा.

आता दुसरी भीती. ही मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण पहिलीबद्दल सगळे बोलतात आणि हिच्याबद्दल "घाबरू नका, रिलॅक्स व्हा" यापलीकडे कुणी काही सांगत नाही. घाबरलेल्या माणसाला रिलॅक्स व्हा म्हणणं म्हणजे तापलेल्या माणसाला थंड हो म्हणण्यासारखं आहे.

आपल्याला श्वास घ्यावासा वाटतो तो ऑक्सिजन कमी झाला म्हणून, असा आपला समज असतो. रोजच्या जगण्यात तसं नसतं. मेंदूतला श्वासाचा पहारेकरी रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडवर नजर ठेवून असतो. तो वाढला की पहारेकरी ओरडतो: श्वास घे, आणखी घे, लवकर घे. स्नायू जोरात काम करतात तेव्हा कार्बन डायऑक्साइड जास्त तयार होतो. जमिनीवर आपण धापा टाकून तो बाहेर फेकतो आणि दोन मिनिटांत ठीक होतो. पाण्याखाली ही सोय अर्धवट चालते.

याचं कारण नळीत आहे. प्रत्येक श्वासातली शेवटची काही हवा फुप्फुसाच्या कामाच्या भागापर्यंत पोचतच नाही. घसा आणि श्वासनलिकेतच राहते आणि तशीच परत येते. ही फुकट जागा साधारण दीडशे मिलीलिटरची, वर रेग्युलेटरच्या तोंडाशी थोडी आणखी. आता घाबरलेला माणूस कसा श्वास घेतो? छातीच्या वरच्या वर, भराभर, तीनशे मिलीलिटरचा. त्यातले दीडशे वाया. निम्मी मेहनत पाण्यात. सावकाश एक लिटरचा श्वास घेणाऱ्याचेही दीडशेच वाया जातात, पण साडेआठशे कामी येतात. शिवाय वीस मीटरवर दाब तिप्पट असतो, म्हणजे हवाही तिप्पट दाट. दाट हवा भराभर आत-बाहेर ढकलायला छातीच्या स्नायूंना जास्त काम पडतं, आणि जास्त काम म्हणजे पुन्हा जास्त कार्बन डायऑक्साइड.

असं चक्र सुरू होतं. प्रवाहाशी झटापट, त्यातून धाप, धापेतून उथळ श्वास, उथळ श्वासामुळे आत साचलेला वायू, त्यामुळे गुदमरल्याची भावना, त्या भावनेने भीती, भीतीने आणखी झटापट. मला दोराला लटकल्या लटकल्या ठामपणे वाटत होतं की माझ्या रेग्युलेटरमधून हवा कमी येतेय. तसं नव्हतं. कुस्तो आणि गान्यां या दोघा फ्रेंच माणसांनी 1943 मध्ये जी युक्ती काढली ती हीच की तोंडाने जेवढी ओढ लावाल तेवढी हवा, त्या खोलीच्या दाबाने, आपोआप मिळेल. चांगल्या स्थितीतला रेग्युलेटर त्यात चुकत नाही. हवा भरपूर होती. जायला जागा नव्हती, कारण मी जुनी बाहेर सोडतच नव्हते. याच भावनेपायी टाकीत हवा असताना माणसं तोंडातून रेग्युलेटर काढून टाकतात. त्यांना ते गुदमरण्याचं कारण वाटतं.

खर्चाचा हिशेबही बघून टाकू, कारण भीतीची किंमत इतक्या उघड आकड्यांत क्वचित दिसते. बारा लिटरची टाकी दोनशे बारपर्यंत भरली की त्यात 2400 लिटर हवा. पन्नास बार, म्हणजे 600 लिटर, राखीव ठेवायची. उरली 1800. निवांत माणूस पृष्ठभागावर मिनिटाला वीस लिटर वापरतो असं धरा. वीस मीटरवर तिप्पट, साठ. अर्धा तास पुरेल. घाबरलेला पन्नास वापरतो. वीस मीटरवर दीडशे. बारा मिनिटं. माझ्या नेत्राणीच्या आकड्यांना हे लावून पाहिलं तर मी पंचावन्नच्या आसपास जात होते आणि सर सतरावर. ते माझ्याहून धिप्पाड आहेत, हे इथे नमूद केलंच पाहिजे.

चक्र कुठे तोडायचं? भीतीच्या जागी तुटत नाही, ती हुकमाने जात नाही. तुटतं दोनच जागी: झटापट थांबवणं आणि उच्छ्वास लांबवणं. क्रम हाच. आधी थांबा. काहीतरी धरा, खडकामागे जा, किंवा जागा सुरक्षित असेल तर सरळ वाहून जा, पण पाय मारणं बंद. मग लक्ष फक्त बाहेर सोडण्याच्या श्वासावर. बुडबुडे संथपणे, गरम चहावर फुंकर मारतो तसे, शेवटपर्यंत. आत घ्यायची काळजी करायची गरज नसते, बाहेर पूर्ण गेला की आतला आपोआप खोल येतो. लांब उच्छ्वासाने हृदयाचे ठोकेही उतरतात. असे पाच-सहा श्वास झाले की डोकं पुन्हा जागेवर येतं, आणि मग गेज, सोबती, खोली, या क्रमाने बघायचं. एक चूक मात्र करू नये: हवा वाचवायची म्हणून श्वास रोखून धरणं. त्याने कार्बन डायऑक्साइड साचतो, आणि वर येताना श्वास रोखला तर फैलावणारी हवा फुप्फुस फाडू शकते. डायव्हिंगचा पहिला नियम तोच आहे.

हे वाचून कळतं, पण पाण्यात आठवत नाही. अंगात मुरवावं लागतं. त्यासाठी समुद्र लागत नाही, जलतरण तलाव पुरतो. मुंबईतले वर्ग तलावातच चालतात, कारण मुंबईच्या गढूळ पाण्यात हातभरापलीकडचं दिसत नाही. मला सरांच्या ओळखीतल्या एका बाईंनी दादरला एक साधा प्रकार शिकवला. पूर्ण साहित्य चढवून, उथळ बाजूला, रेग्युलेटर तोंडात ठेवून तलावाच्या भिंतीला हात टेकायचे आणि भिंत ढकलायची आहे असे मिनिटभर जोरात फिन, म्हणजे पायातली रबरी वल्ही, मारायचे. मग थांबायचं, आणि दम जागेवर यायला किती श्वास लागतात ते मोजायचं. पहिल्या दिवशी मला चौदा लागले. सहाव्या श्वासाला पुन्हा तेच वाटलं होतं, नेत्राणीचं, हवा येत नाही असं. पण पायाखाली फरशी होती, शेजारी बाई उभ्या होत्या, पलीकडे शाळेच्या सुट्टीतली पोरं किंचाळत होती. तिथे ती भावना नुसती भावना म्हणून बघता आली. आली, राहिली, गेली. दीड महिन्याने आठ श्वासांत काम व्हायला लागलं. माझी ताकद वाढली होती थोडी, पण खरं म्हणजे सहाव्या श्वासाची मला ओळख झाली होती.

पुढच्या पायऱ्याही तशाच, एकेक. आधी शांत समुद्र, मग हलकी ओढ आणि धरायला दोर, मग दोर सोडून ओळखीच्या जागी, इन्स्ट्रक्टरच्या हाताशी. एक पायरी कंटाळवाणी होईपर्यंत पुढची चढायची नाही. ज्यांना दमा आहे, हृदयाचं काही आहे किंवा जमिनीवरही पॅनिकचे झटके येतात, त्यांनी मात्र आधी डायव्हिंग कळणाऱ्या डॉक्टरांना भेटावं. मन शांत करायची गोळी घेऊन पाण्यात उतरायचा बेत तर परस्पर कधीच करू नये.

प्रवाहातली कसरत म्हणतात ती बरीचशी कसरत न करण्याची कला आहे. तळाशी आणि खडकांच्या लगत पाण्याचा वेग कमी असतो, कारण घर्षण. म्हणून विरुद्ध दिशेला चार हात जायचंच असेल तर तळालगत, सपाट होऊन, जिवंत प्रवाळाला हात न लावता. मोठ्या खडकाच्या आडोशाला पाणी जवळजवळ थांबलेलं असतं. दादरच्या फलाटावर गाडी आल्यावर शहाणा माणूस खांबाच्या मागे उभा राहतो, तोच न्याय. आडवं जायचं असेल तर प्रवाहाला कोन करून जायचं, समोरासमोर नाही. प्रशांत महासागरातल्या पलाऊ बेटांसारख्या ठिकाणी रीफ हुक वापरतात: एक बोथट आकडा, त्याला मीटर-दीड मीटर दोरी, आकडा मेलेल्या खडकात अडकवायचा आणि दुसरं टोक जाकिटाला. मग तुम्ही पतंगासारखे तरंगता आणि शार्क समोरून जातात. दिसायला सोपं, पण शिकवल्याशिवाय करायचं नाही.

सगळ्यात आरामाचा प्रकार म्हणजे ड्रिफ्ट डाइव्ह. वाहत जायचं, आणि बोट तुमच्या मागून येणार. इथे धरून राहायची सवयच आड येते. माझे हात अजूनही काहीतरी शोधत असतात. आता मी ते पोटावर एकमेकांत अडकवून ठेवते, सत्यनारायणाच्या पूजेला बसल्यासारखे. पाणी तुम्हाला घेऊन चाललेलं असताना तुमच्या अंगावर पाण्याचा जोर जाणवतच नाही, कारण तुम्ही त्याच वेगाने चाललेले असता. जोर जाणवतो तो फक्त विरोध केला की. नेत्राणीच्या दोरावर मला जे मारत होतं ते अर्धं दोरच होता.

पण ड्रिफ्टमध्ये एक खरी भीती आहे आणि ती बाळगावी: वर आल्यावर बोट लांब असणं. त्याची तयारी बोटीवर होते. सगळ्यांनी एकदम उडी, एकदम खाली, रेंगाळणं नाही. प्रत्येकाकडे फुगवून वर पाठवायचा नारिंगी लांबडा बोया, शिट्टी, जमल्यास छोटा आरसा आणि टॉर्च. सोबती दिसेनासा झाला तर मिनिटभर शोधायचं आणि मग सावकाश वर. बोटवाल्याला हा नियम माहीत हवा, म्हणजे तो कुठे बघायचं ते जाणतो. वर येताना वेग मिनिटाला नऊ मीटरच्या आत, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबा, तेही वाहत वाहत. बोया मात्र आधीच वर सोडलेला असला पाहिजे.

समुद्रातल्या कड्यापाशी कधी कधी पाणी खाली ओढतं. सोबत्याचे बुडबुडे वर जायच्या ऐवजी खाली किंवा गोल फिरताना दिसले, मासे डोकं वर करून उभे दिसले, की समजायचं. इथे सरळ वर झगडणं म्हणजे पुन्हा तेच गणित. हे प्रवाह बहुतेक अरुंद असतात. कड्याला अगदी चिकटून खडकाच्या आधाराने वर सरकायचं, किंवा कड्यापासून दूर, आडवं, मोकळ्या पाण्यात निघून जायचं. जाकिटात हवा भरावी लागलीच तर प्रवाह सोडताक्षणी ती काढायला हात बटणावरच ठेवायचा, नाहीतर बाटलीच्या बुचासारखे वर उडाल. हा भाग मी एवढ्यावरच सोडते. तो इन्स्ट्रक्टरबरोबर पाण्यात शिकायचा आहे, लेखातून नाही.

आणि नको म्हणणं. डायव्हिंगमध्ये एक चांगली रीत आहे: कुणीही, केव्हाही, कारण न देता डाइव्ह थांबवू शकतो. खूण म्हणजे वर केलेला अंगठा. आपल्याकडे अंगठा म्हणजे मस्त, झकास. पाण्याखाली अंगठा म्हणजे चला वर. ठीक आहे सांगायला अंगठा आणि तर्जनीचं गोल कडं करतात. त्या दिवशी नेत्राणीला सरांनी मला गोल करून विचारलं, बरी आहेस का? मी, भेदरलेली, तरी त्यांच्यासमोर शान जाऊ नये म्हणून झोकात अंगठा दाखवला. त्यांनी मान हलवली, माझा दंड धरला आणि वर न्यायला लागले. मी हातवारे करून सांगत होते की तसं नाही, मला राहायचंय. त्यांनी लक्ष दिलं नाही. बोटीवर आल्यावर मी म्हटलं, "सर, मला बरं आहे असं म्हणायचं होतं." ते टाकीचा पट्टा सोडवत म्हणाले, "ताई, तुमचे बुडबुडे काय म्हणत होते ते मी बघत होतो."

गेल्या वर्षी मालदीवची सुट्टी टाकली. तक्ता, तिथी, सगळं जुळवून, अष्टमीला निघायचं आणि द्वादशीला परत, म्हणजे भांगाचं पाणी मिळेल. ऑफिसात साहेबांनी कॅलेंडरवर तारखा पाहिल्या, चष्मा वर केला आणि म्हणाले, "मधे एकादशी येतेय हो तुमची. तिकडे साबुदाणा मिळतो का?"